पॅडलवरचं वजन

१

मोटारीची काही कामं एकट्याने करूच नयेत. ब्रेकमधली हवा काढणं हे एक, आणि एक्सलेटरची जुळणी हे दुसरं. एक जण बॉनेटमध्ये डोकं घालून काबोरेटरकडे बघतो, दुसरा आत सीटवर बसून पॅडल दाबतो. बघणाऱ्याने म्हणायचं, "दाब." आतल्याने दाबायचं. "सोड" म्हटलं की सोडायचं. याला अक्कल लागत नाही, पण माणूस लागतो.

बहरीनमधल्या जिदहफ्सच्या बाजारामागच्या त्या गॅरेजात पांडुरंग घडशी बावीस वर्षं बॉनेटमध्ये डोकं घालून होता, आणि त्यातली एकोणीस वर्षं आत बसणारा माणूस होता गनी परकार. पांडुरंग संगमेश्वरकडचा, गनी खेडचा. दोघांचं एका गोष्टीवर एकमत व्हायचं नाही. भातात कोकम किती घालावं इथपासून अरबाब, म्हणजे गॅरेजचा मालक, बरा की वाईट इथपर्यंत रोज वाद. पण "दाब" म्हटलं की गनीचा पाय बरोबर पडायचा. आधी अर्धा, मग बॉनेटमधून "हां" ऐकू आलं की पुरता. गिऱ्हाइकांशी हिंदी, अरबाबाशी मोडकी अरबी, आणि "दाब", "सोड" हे कामातले दोन शब्द तेवढे मराठी.

आठ महिन्यांपूर्वी गनीच्या छातीत पाणी झालं आणि तो गावी गेला. जाताना धड बोलवतही नव्हतं त्याला. त्यानंतर पांडुरंगने दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. वाईट बातमी पत्राने कळवायला लोक कचरतात, हे परदेशात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिसरं पत्र त्याने लिहिलंच नाही.

पांडुरंग स्वतःही आता जाणार होता. सुट्टीवर नव्हे, कायमचा. खलास. लेक उल्का लग्न होऊन चिपळूणला गेली होती, आणि नव्या बांधलेल्या घरात मथुरा एकटी दिवे लावत होती आणि एकटीच मालवत होती. बावीस वर्षांच्या संसारात नवराबायको एका छपराखाली किती दिवस राहिली, हे बोटांवर मोजायला घेतलं तर लाजच वाटावी. अरबाब म्हणत होता, आणखी दोन वर्षं राहा. पांडुरंग या वेळी बधला नाही. महिनाअखेरच्या शनिवारचं तिकीट त्याने ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं होतं. त्याआधी एकच काम हातावेगळं करायचं होतं.

ते म्हणजे हाजी हसनची गाडी.

२

गाडी बासष्ट सालची, विलायती, फिकट हिरवी. बहरीनमध्ये वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायची त्या काळातली, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. हाजी हसन सत्तरीचा. तरुणपणी मुंबईला खजुराचा व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी बोलायची हौस दांडगी.

"पांडू, मेरा घुटना गया," तो म्हणाला. "पॅडल पहले पत्थर के माफिक, फिर एकदम घोडे के माफिक. हर जुम्मा मैं खुद चलाके समुंदर पे जाता. अभी बेटा बोलता है, बाबा, मत चलाओ."

"बना देगा, हाजी. मक्खन बना देगा."

रोग जुनाच होता. पॅडलपासून काबोरेटरपर्यंत सळ्या, आडवा दांडा आणि टोकांना गोळ्यांचे सांधे. तीस वर्षांत सगळं झिजलेलं. पांडुरंगने लेथवर पितळेचे नवे बुश कातले, सांधे बदलले, दांड्याच्या पट्टीला आतल्या बाजूला एक नवीन भोक पाडलं, म्हणजे पॅडलची चाल हलकी व्हावी. एका जाड स्प्रिंगच्या जागी दोन पातळ लावल्या. असलं काम तो दुपारी एक ते चार करायचा. त्या वेळात सगळा बाजार शटर ओढून झोपतो. गल्लीत मांजरसुद्धा हलत नाही. एरवी ही वेळ त्याला खायला उठायची. शहरातल्या अदलिया भागात एखादं रेस्टॉरंट उघडं असेल, पण तिथे जाऊन एकट्याने काय करायचं? त्यापेक्षा काम बरं.

त्या मंगळवारी तो बॅटरी हातात धरून काबोरेटरच्या तोंडात बघत होता. पॅडल पुरतं दाबल्यावर आतली झडप सरळ उभी राहते का, एवढंच बघायचं होतं. मन भलतीकडे होतं. आणि सवयीने तो म्हणून गेला, "दाब."

सळी सरकली. झडप उभी राहिली, अगदी सरळ, हवी तशी.

"हां. सोड," तो म्हणाला. झडप मिटली.

मग त्याच्या ध्यानात आलं की आत कोणी नाही.

त्याने डोकं वर काढून काचेतून बघितलं. रिकामी सीट. दार बंद. मेकॅनिकचं डोकं आधी कारण शोधतं, भूत नंतर. आपलंच कोपर सळीला लागलं असणार, हे त्याने ठरवलं. कोपर लागून सळी हलते का, हेही करून पाहिलं. हलत होती. झालं तर मग. त्याने हात पुसले, शटर वर केलं आणि चार वाजायची वाट बघत बाहेर खुर्चीवर बसला.

कोपर दुसऱ्या बाजूला होतं, हे त्याला बसल्यावर आठवलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुद्दामच लांब उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे. स्वतःचंच हसू येत होतं त्याला. पन्नाशी उलटलेला गडी, शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून मोटारीपुढे उभा.

"दाब," तो हळूच म्हणाला.

झडप उघडली.

खरं तर त्याने तेव्हाच पळायला हवं होतं. कोणीही पळालं असतं. पण पांडुरंगच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत त्याच्या शब्दावर कोणी हललं नव्हतं. कितीतरी दुपारी तो या चार भिंतींशी बोलला होता, आणि भिंती काही बोलत नाहीत.

"गन्या," तो म्हणाला. "मेल्या, आलास व्हय तू?"

त्यानंतरचे आठ-दहा दिवस पांडुरंगचे बरे गेले, हे कबूल करायला हवं. बाहेर तो चारचौघांसारखा वागायचा. एक वाजला की शटर अर्धं ओढायचा आणि आत जाऊन गप्पा मारायचा. अरबाबाच्या तक्रारी सांगायचा. मथुराचं पत्र वाचून दाखवायचा: पडवीला नवा पत्रा घातला, फणस लागलाय, तुम्ही आलात की गणपती आपल्याच घरी आणू. मधेच म्हणायचा, "दाब," आणि सळी सरकायची. काम तर कधीच संपलं होतं, पण तो रोज एखादा नट पाव आटा फिरवायचा आणि पुन्हा तपासायचा.

"तू हायस तर बरं हाय," एकदा तो म्हणाला. "असाच ऱ्हा. जाऊ नको."

दोन गोष्टी खटकत होत्या. गनी आधी अर्धं दाबायचा, मग पुरतं. हा एकाच दमात, सावकाश, अगदी तळापर्यंत दाबायचा. आजाराने पाय जड झाला असेल, असं पांडुरंगने स्वतःला सांगितलं. मेल्यावर आजार राहतो का, हा प्रश्न त्याने मनात येऊ दिला नाही.

दुसरी गोष्ट सोडण्याची. पहिल्या दिवशी "सोड" म्हटल्याबरोबर सुटलं होतं. पुढे पुढे उशीर होऊ लागला. आधी एक श्वास. मग दोन. गुरुवारी त्याने "सोड" म्हटलं आणि बॅटरी धरून उभा राहिला. हाताला रग लागली तरी झडप उभीच. त्याने पुन्हा म्हटलं, जरा विनवून. तेव्हा कुठे ती मिटली.

४

इक्बालचं कोल्ड स्टोअर, म्हणजे किराणा दुकान, गल्लीच्या तोंडाशी होतं. इक्बाल खेडचाच, गनीच्या मोहल्ल्यातला. दीड महिन्याच्या सुट्टीवरून परत आला तो रविवारी, आणि पांडुरंग पाव घ्यायला गेला तेव्हा त्याने काउंटरखालून एक पुडकं काढलं.

"पांडूभाऊ, ह्ये तुमाला. गनीचाचांनी दिलान हाय."

पांडुरंगने पुडकं हातात घेतलं. आमसुलांचा वास आला.

"कधी दिलान? जायच्या आधी?"

"कोण जायच्या आधी?"

"गनी."

इक्बाल हसायला लागला. "कुठं जातायत चाचा! डॉक्टरनी पाणी काढलान, आता चांगले फिरतात. सकाळच्याला मशिदीत, संध्याकाळच्याला बंदरावर. लिवायचा आळस, दुसरं काय? मना म्हणाले, पांडूला सांग, भातात कोकम कमी टाक."

हे बोलणं गनीचंच होतं. त्यात शंकेला जागा नव्हती. पांडुरंगला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. "देव पावला," तो म्हणाला. पुडकं छातीशी धरून चार पावलं चालला. आणि मग भर उन्हात तो थांबला.

गनी तिकडे बंदरावर फिरत होता. मग इकडे कोण होतं?

५

गाडी गुरुवारी द्यायची होती, आणि एक काम खरंच राहिलं होतं. पॅडलच्या खिळीला पिन घालायची होती. त्यासाठी दार उघडून, पाठीवर झोपून, डोकं डॅशबोर्डखाली घालावं लागतं. ड्रायव्हरचे पाय जिथे असतात तिथे आपलं डोकं. बुधवारी दुपारी त्याने शटर पूर्ण वर ठेवलं. बाहेर लख्ख ऊन होतं. गल्लीत कोणी नव्हतं, पण ऊन तरी होतं.

तो एक शब्द बोलला नाही. तीन दिवस त्याने गॅरेजात तोंड उघडलं नव्हतं. झोपला, सरकला, पक्कड घेऊन पिन घातली, टोकं वळवली. पॅडल त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. काळं रबर, त्यावर आडव्या उभार रेघा. नवीन रबर त्यानेच चढवलं होतं.

आता निघायचं, असं मनात आलं आणि रबराच्या रेघा दबल्या.

पॅडल हललं नव्हतं अजून. नुसत्या रेघा चेपल्या, मऊ कणकेवर बोट ठेवावं तशा. आणि दोन ठिकाणी. शेजारी शेजारी. एक पाय नव्हता तो, दोन होते. आखूड, रुंद, बोटं घट्ट आवळलेली. कोणी सीटवर बसून पॅडल दाबत नव्हतं. कोणीतरी पॅडलवर उभं होतं.

मग पॅडल खाली गेलं, एकाच दमात, सावकाश, तळापर्यंत.

पांडुरंगचं डोकं विचित्र शांत चाललं. उभं राहायला जागा कुठे आहे, याचा त्याने हिशोब केला. वर डॅशबोर्ड. मधे तो स्वतः. उभ्या माणसाचं धड जिथे असायला हवं तिथे त्याची छाती होती. आणि छातीवर काहीच वजन नव्हतं, फक्त थोडी ऊब होती. कोणी फार जवळ आलं की लागते तशी.

"सोड," तो म्हणाला.

काही झालं नाही.

"म्या शनवारी जातोय," तो म्हणाला. "घरी जातोय. मना सोड."

पॅडल तळाशीच राहिलं. उलट रबर आणखी चेपलं. तो कोपरांवर घसटत बाहेर आला, डोकं आपटलं, गुडघा सोलवटला, आणि गल्लीच्या उन्हात जाऊन उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. परत येऊन वाकून बघितलं तेव्हा पॅडल वर होतं आणि रबरावर काही खूण नव्हती.

रबर नवं आहे, नव्या रबराला लवचीकपणा असतो, हे कारण त्याने मनात मांडून पाहिलं. कारण बरोबर होतं. उपयोग काही झाला नाही.

६

गुरुवारी सकाळी त्याने तिसरी स्प्रिंग लावली. हाजीला काय सांगणार? हाजी, गाडी घेऊ नको, पॅडलवर कोणी उभं राहतं? बावीस वर्षं चोख काम केलेला माणूस शेवटच्या दिवशी वेडा ठरायचा. पण म्हाताऱ्याला एकट्याला त्या गाडीत बसवणं हे पाप होतं. म्हणून तो म्हणाला, "हाजी, ट्रायल को मैं साथ में बैठेगा."

निघाले. बुदैयाच्या रस्त्याला खजुराच्या बागा सुरू होतात तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं. हाजीचा चेहरा फुलला होता. गुडघा न दुखता गाडी पळत होती. उघड्या खिडकीतून वारा येत होता.

"माशाल्ला, पांडू! मक्खन!"

पांडुरंगची नजर रस्त्यावर नव्हती. तो हाजीच्या पायाकडे बघत होता. जुनी तपकिरी चप्पल, सुजलेला घोटा. समोर चौकाचं वर्तुळ दिसू लागलं तसा हाजीने पाय उचलला.

पॅडल खाली गेलं.

इंजिनाने एकदम आवाज चढवला. हाजीने खाली बघितलं, वर बघितलं. "पांडू, मेरा पाँव ऊपर है! पांडू!" त्याने ब्रेकवर पाय रोवला. जुने ब्रेक कण्हले, जळका वास सुटला, पण गाडी ओढतच राहिली. चावी स्टिअरिंगच्या पलीकडे, दाराच्या बाजूला. पांडुरंगने हाजीच्या पोटावरून हात टाकला, हात पुरला नाही. म्हाताऱ्याने दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आवळल्या होत्या आणि तो कलमा म्हणत होता. समोर वर्तुळात शाळेची बस शिरत होती. खिडक्यांत पांढरे रुमाल बांधलेल्या मुली.

"सोड!" पांडुरंग ओरडला. "सोड! सोड रे!"

त्याने खाली बघितलं. रबर चेपलेलं होतं. दोन ठिकाणी.

तेव्हा त्याला कळलं की त्याच्याकडे काय मागितलं जातंय. कोणी सांगितलं नव्हतं, पण कळलं. एखादं पोर हट्टाला पेटून पदर धरून बसतं, तेव्हा आईला कळतं तसं. मथुराचं पत्र त्याच्या वरच्या खिशात होतं. डोळ्यांपुढून पडवीवरचा नवा पत्रा गेला, फणस गेला. बस आता इतकी जवळ होती की एका मुलीचे मोठे झालेले डोळे दिसत होते.

पांडुरंग खाली वाकला. ओरडला नाही. गनीशी बोलायचा तसा, साध्या आवाजात म्हणाला, "बरं. नाय जात. ऱ्हातो मी हितंच."

पॅडल वर आलं, सावकाश, अगदी हवं तसं. इंजिन शांत झालं, ब्रेक लागले, आणि गाडी बसच्या मागे दोन हातांवर थांबली.

हाजीने इंजिन बंद केलं.

"क्या बोला तू?" हाजीने शेवटी विचारलं. "नीचे देख के, क्या बोला?"

"कुछ नहीं, हाजी. स्प्रिंग अटका था. अब मफी, नहीं है. अब कभी नहीं होगा."

हे तो खात्रीने सांगत होता, आणि खात्री खरी होती. तरीही गॅरेजात परत येऊन त्याने हाजीसमोर सगळी जुळणी उघडून पुन्हा बसवली. संध्याकाळी गाडी गेली. हाजी स्वतः चालवत गेला. बॉनेटवर थोपटून पांडुरंगने तिला निरोप दिला. गाडीत आता काही नव्हतं.

७

अरबाब खूश झाला. व्हिसा रद्द करायचा कागद त्याने फाडून टाकला आणि पांडुरंगच्या पाठीवर थाप मारली. ट्रंकेतलं तिकीट पांडुरंगने दुसऱ्या दिवशी सकाळी परत केलं.

मग तो बाजाराच्या कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये गेला. गावात फोन शिरीष गुरुजींकडे होता. त्यांनी मथुराला बोलवून आणेपर्यंत पांडुरंग काचेच्या त्या डब्यात उभा राहिला. बाहेर दुपार होती, शटरं ओढलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार त्याने नीट लावून घेतलं होतं. एका माणसाला कशीबशी पुरेल एवढीच जागा.

"हालो?" मथुरा धापा टाकत होती. धावत आली असणार. "अवो, कितीच्या इमानानं येताव? उल्काचे मालक गाडी घेऊन येतायत म्हणं मुंबईला."

"मथुरे," तो म्हणाला. "माजं येणं नाय होत."

त्याने आणखी एक नाणं टाकलं.

"अरबाब सोडत नाय," तो म्हणाला. बावीस वर्षांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. "बघू. पुढल्या वर्षी."

"बरं," मथुरा म्हणाली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं पांडुरंगला वाटलं. "माजं काय, म्या ऱ्हाते. सवय हाय. तुमचा जीव लागायचा नाय, म्हणून म्हणते. गनीभाऊ बी गेले तितनं. तुमच्यासंगट कुणी हाय का आता?"

पांडुरंगच्या दोन्ही पावलांवर, चपलेच्या पट्ट्यांच्या वर, हळूच वजन पडलं होतं. आखूड, रुंद, बोटं घट्ट आवळलेली. बापाच्या पावलांवर पाय देऊन पोर उभं राहतं तसं. ऊब पोटापर्यंत आली आणि तिथे टेकली. त्याने खाली बघितलं नाही. समोरच्या काचेकडेही बघितलं नाही.

"अवो? ऐकताव ना? कुणी हाय का संगट?"

"हाय," तो म्हणाला.